प्रसाद खाणारे डॉक्टर

रोग्यासाठी शिजवलेला भात त्याच्याच समोर बसून संपवणाऱ्या डॉक्टरला तुम्ही काय म्हणाल? बेळगावात आमच्या आप्पा डॉक्टरांना लोक हावरे म्हणत. मीही म्हणत असे.

खडेबाजारात त्यांचा दवाखाना. कोटाचे एक बटण कायम चुकीच्या काजात, आणि तोंडी एकच वाक्य : "ताप खोटं बोलतो, नाडी न्हाय." मुदतीच्या तापाचा, म्हणजे टायफॉइडचा, रोगी असला की ते न बोलावता येत आणि रोग्याच्या आधी चूल बघत.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, तो ताप आला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अंग एकाएकी गार लागले. आईने लगेच देवीला दहीभात दाखवला. ताप गेला की पहिला घास त्या प्रसादाचा, ही आमच्याकडची रीत. अंगाऱ्या-धुपाऱ्यांविरुद्ध पत्रके काढणारा मी. पण वाटी मीच आक्कापुढे नेली.

तेवढ्यात आप्पा आले. नाडी धरली, पोटाला हलकेच हात लावला, अंगाखालचे फडके पाहिले. ते डांबरासारखे काळे होते. त्यांनी माझ्या हातून वाटी घेतली आणि उंबऱ्यावर बसून सगळा भात खाल्ला. देवी कोपेल म्हणून आई रडू लागली.

"देवीचा मान राखला की, वैनी," आप्पा म्हणाले. "पोरीच्या आतड्यातनं रक्त जातंय. म्हणून अंग गार पडलंय."

बाजेचा पायथा विटांवर चढला. पोटावर गार पाण्याच्या घड्या, अफूच्या औषधाचे मोजके थेंब. हलायचे नाही, अन्नाचा कण नाही. आतडे फाटले तर आपल्या हाती काही नाही, असे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले. तीन दिवस ते दार अडवून बसले. शेजारणीने पेज आणली, तीही प्याले. वर मीठ कमी आहे म्हणाले.

चौथ्या दिवशी नाडी भरली. पुढे ताकाच्या निवळीचा पहिला चमचा द्यायची वेळ आली, तेव्हा आईने तो मान आप्पांना दिला. त्यांनी हात पाठीमागे नेले.

"तुम्हीच द्या, वैनी. आमच्या लेकीला, सुमीला, मी भरवलता. ताप उतरला म्हणून, लई हौसेनं. तवा बी मी डॉक्टरच होतो."

आक्काने घोट गिळेपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

वाचकहो, तुमच्या घरी मुदतीचा ताप असा एकाएकी उतरला, तर आनंद थोडा थांबवा. घास भरवण्याआधी डॉक्टरला बोलवा.