सुताराच्या मनगटातला पाचवा स्क्रू

सुतार पडला तोही स्वतःच ठोकलेल्या स्टुलावरून. म्हणजे शिव्या घालायलाही दुसरं कुणी नाही. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, तर आठवड्यात हाडाचे तुकडे आतल्या आत सरकले. आता धातूची पट्टी ठेवून स्क्रू मारायचं ठरलं. मनगट नीट वळलं नाही तर रंधा कायमचा खुंटीला टांगावा लागणार, हे कळायला त्याला डॉक्टर लागत नव्हता.

"पूर्ण भूल नको," तो म्हणाला. "हात तेवढा बधिर करा. माझ्या मालाला भोकं पडणार, आणि मी झोपून राहू?"

"डॉक्टर, झोपवाच यांना," बायको म्हणाली. "शेजारी कुणी खिळा ठोकला तरी यांच्या पोटात दुखतं."

तिचं ऐकतो कोण? हात बधिर झाला, मध्ये हिरवा पडदा आला. समोर एक्स-रेचा टीव्ही. ड्रिल फिरलं आणि सुताराच्या अंगात वारं शिरलं.

"ड्रिलचं बिट बोथट झालंय. ऐका, कसं रडतंय."

हाडांचे डॉक्टर ड्रिल फिरवतच राहिले. शिकलेल्या माणसाला अडाण्याचं बोलणं ऐकू न येण्याचा रोग असतो, आणि त्यावर औषध निघालेलं नाही. जरा वेळानं ते सिस्टरला हळूच म्हणाले, "बिट बदला."

झालं. सुताराला चेव चढला. एकेक स्क्रू तो मोजू लागला. पाचवा आत गेला आणि त्यानं मान उचलली.

"हा लांब झाला. आधीचे सगळे वीस मिलिमीटरचे मागितलेत, हा बावीसचा. मागनं टोक निघालंय."

"फोटोत बघा काका, आतच आहे," सिस्टर म्हणाली.

"फोटो बाजूनं काढलाय ना. मनगटाच्या मागं उंचवटा असतो, स्वतःचं चाचपून बघा. टोक त्याच्या आड लपतं. हात तिरका करून काढा. ते टोक रोज अंगठा उचलणाऱ्या शिरेला घासणार, एक दिवस शीर तुटणार. तेव्हा घरी तुम्ही नाही बसणार, मी बसणार."

"यांना झोपवा," डॉक्टर भुलीच्या डॉक्टरांना म्हणाले.

"तिरका..." म्हणता म्हणता सुतार घोरू लागला.

जाग आली ती खोलीत, खाटेवर.

"पाचवा काढला का?"

"आधी मी कोण ते ओळखा," बायको म्हणाली.

"तू नंतर. पाचवा?"

दारात डॉक्टर उभे होते, टोपी हातात चुरगळत. "काढला. तिरका फोटो घेतला. टोक बाहेर होतं. वीसचा घातलाय. मनगट वळेल तुमचं, रंधाही चालेल."

एवढं बोलूनही ते हलेनात. मग खाली बघत म्हणाले, "गेल्या महिन्यात असेच स्क्रू मारलेल्या तिघांनाही तिरक्या फोटोला परत बोलावतोय. उद्या दहाला."

बायकोनं कपाळाला हात लावला. पुढचं तिला ठाऊक होतं.

"नऊला बोलवा," सुतार म्हणाला. "दहाला तुम्ही मला घरी सोडणार."