दामोदरच्या खेळाचं पान दोन

एका जंगलात, म्हणजे नकाशावर नुसताच हिरवा रंग फासून सोडून दिलेला असतो अशा एका जंगलात, दामोदर नावाचं एक खवले मांजर राहत होतं.

खवले मांजर म्हणजे मांजर नव्हे, बाळांनो. त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवाल तर ते तुमच्याकडे खिन्नपणे बघेल. त्याच्या अंगावर कौलांसारखी खवलं असतात, ते मुंग्या आणि वाळवी खातं, आणि घाबरलं किंवा लाजलं की स्वतःची गुंडाळी करून घेतं. दामोदर बहुतेक वेळा लाजायचा. त्यामुळे पुष्कळांनी त्याचा चेहरा पाहिलेलाच नव्हता.

पोटासाठी तो सकाळभर वारुळं उकरायचा. पण दुपारी, पोट भरलं की, तो खेळ लिहायचा.

खेळ म्हणजे चेंडूचा नव्हे. पळसाच्या पानांवर लिहिलेला गोष्टीचा खेळ. त्यात खेळणाराच गोष्टीतला नायक असतो आणि पुढं काय करायचं ते त्यानंच ठरवायचं असतं. दामोदरच्या खेळाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: ‘तुम्ही एका भुयारात आहात. समोर दार आहे. दार उघडायचं असेल तर पान तीन काढा. घरी जाऊन झोपायचं असेल तर पान दोन काढा.’

असा तो चार वर्षं लिहीत होता. दाराच्या पलीकडे उंदरांचं राज्य होतं. आटलेलं तळं होतं. कोडी घालणारा एक आंधळा पोपट होता. आणि एक जिना होता, जो दामोदरनं नऊ वेळा लिहून नऊ वेळा खोडला होता.

हे खूळ त्या जंगलात आणखी दोघांना होतं. चंपूताई टिटवी खेळ लिहायची, पण तिला फक्त शेवट सुचायचे. तिच्याकडे सतरा शेवट तयार होते आणि सुरुवात एकही नव्हती. भिकाजीराव अस्वलाच्या खेळात डावीकडे गेलं तर मध मिळायचा आणि उजवीकडे गेलं तरी मध मिळायचा. सरळ गेलं तर माशा चावायच्या, पण मग मध मिळायचा.

दर गुरुवारी दुपारी हे तिघं भोकराच्या झाडाखाली जमायचे. आठवडाभरात काय झालं ते एकेकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ‘वा’ म्हणायचं, एवढाच कार्यक्रम. 

“मी या आठवड्यात ‘दरवाजा’ खोडून ‘दार’ केलं,” दामोदर म्हणायचा.

“वा,” भिकाजीराव म्हणायचे. “दार बरं. दरवाजा उघडायला वेळ लागतो.”

“माझ्या नवव्या शेवटात सगळे बुडत होते,” चंपूताई सांगायची. “आता एकजण पोहतो.”

“वा. कोण?”

“ते सुरुवात लिहिली की कळेल.”

एकदा दामोदरच्या खेळाचं पान छत्तीस वाळवीनं खाल्लं. तो घाबरत घाबरत बाकीची पानं वाचून बघतो तर खेळ पहिल्यापेक्षा चांगला झालेला. त्यानं हे गुरुवारी सांगितलं तेव्हा भिकाजीराव टाळ्या वाजवायला उभे राहिले आणि तोल जाऊन बसले. त्या वाळवीचे आभार मानावेत असं सर्वानुमते ठरलं. पण दामोदरनं तिला आधीच खाल्लं होतं.

या मंडळींचा एकच नियम होता. कधी संपणार, असं कुणी कुणाला विचारायचं नाही.

बाळांनो, असं सगळं छान चाललेलं असलं की जंगलात कुणीतरी मार्गदर्शक येतोच.

हा शेजारच्या जंगलातून उडत आला. त्याचं नाव धनेशपंत. धनेश पक्ष्याच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी दिसते ना, ती खालची खाण्यासाठी असते. वरची सल्ला देण्यासाठी असावी.

“मी तेवीस खेळ पूर्ण केले आहेत,” भोकराच्या फांदीवर बसत धनेशपंत म्हणाले. “तुम्ही किती?”

तिघं एकमेकांकडे बघू लागले. दामोदरची अर्धी गुंडाळी झाली.

“आमचे चालू आहेत,” चंपूताई म्हणाली.

“किती टक्के झालेत?”

“टक्के म्हणजे?” भिकाजीरावांनी विचारलं.

“शंभर भाग धरा. त्यातले किती झाले?”

“ते मध किती प्रकारचा असतो त्यावर आहे,” भिकाजीराव प्रामाणिकपणे म्हणाले.

धनेशपंतांनी सुस्कारा सोडला. मग त्यांनी भोकराच्या खोडावर चोचीनं तक्ता कोरला. दामोदर, एकोणसाठ टक्के. चंपूताई, शेवट धरले तर शंभर, सुरुवात धरली तर शून्य, म्हणून सरासरी पन्नास. भिकाजीरावांच्या नावापुढे त्यांनी बराच विचार करून नुसता एक थेंब काढला.

“आजपासून तिसऱ्या गुरुवारी,” ते म्हणाले, “खुद्द वाघमहाराज तुमचे खेळ खेळणार आहेत. मी त्यांच्याशी बोललो आहे. ज्याचा खेळ पूर्ण, त्याचाच खेळतील.”

वाघाचं नाव निघाल्यावर नाही कोण म्हणणार? आणि खरं सांगायचं तर दामोदरच्या मनात एक गुदगुली झाली. चार वर्षांत त्याचा खेळ कुणी खेळलेलाच नव्हता. जिन्यावरून कुणीतरी चढतंय, वरच्या पायरीवर थबकतंय, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं. वाघ तर वाघ.

पुढच्या गुरुवारी चंपूताई धावतच आली.

“मला ‘चिंब’च्या जागी ‘निथळता’ सापडला,” ती म्हणाली. “पोहून बाहेर येतो ना तो, तो निथळत येतो.”

दामोदर ‘वा’ म्हणणार तोच फांदीवरून आवाज आला.

“म्हणजे किती टक्के वाढले?”

चंपूताईनं मनात हिशेब केला. “काहीच नाही,” ती म्हणाली आणि गप्प बसली. भिकाजीरावांना कारवीच्या फुलांचा मध सुचला होता, तोही त्यांनी सांगितला नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी झाडाखाली कुणी आलंच नाही. सगळे कामात होते.

दामोदर आपल्या बिळात बसून लिहीत होता. त्यानं आंधळ्या पोपटाची कोडी संपवली. उंदरांच्या राजाला राणी दिली. मग जिन्यापाशी आला आणि अडला. नऊ वेळा खोडलेला जिना. तो डोळे मिटून बसला, आणि दहाव्या वेळी जिना त्याला एकदम दिसला. त्यानं भराभर लिहून काढलं, वाचलं, आणि एकटाच हसू लागला. इतका हसला की खवलं वाजायला लागली.

हे कुणाला तरी सांगायला हवं म्हणून त्यानं इकडे तिकडे पाहिलं. बिळात एक मुंगी होती. त्यानं तिला सगळा जिना वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. मग त्यानं तिला खाल्लं. ऐकून घेण्याआधी नाही खाल्लं, एवढा सभ्यपणा त्याच्यात होता. पण ‘वा’ न ऐकता जेवल्यामुळे त्याला ते जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी दामोदरचा खेळ पूर्ण झाला. दोनशे चौदा पानं. ती त्यानं वेलीनं बांधली आणि वाघाच्या गुहेपुढे नेऊन ठेवली. सगळं जंगल जमलं होतं. चंपूताईची सुरुवात झालेली नव्हती आणि भिकाजीरावांनी मधाच्या विषयात घाई करायला नकार दिला होता. म्हणजे खेळ एकच होता.

वाघमहाराज भरदुपारी जेवून आले. त्यांनी वेल सोडली आणि पहिलं पान पंज्यात धरून ओठ हलवत वाचलं.

“मी भुयारात आहे,” त्यांनी सर्वांना सांगितलं.

“होय महाराज,” दामोदर म्हणाला.

“समोर दार आहे.”

“होय महाराज.”

“दार उघडायचं, की घरी जाऊन झोपायचं?” वाघमहाराजांनी जांभई दिली. “नुकताच जेवलोय. झोपतो.”

त्यांनी पान दोन काढलं. त्यावर दामोदरनं चार वर्षांपूर्वी, लिहायला सुरुवात केली त्याच दिवशी, एका झटक्यात लिहिलं होतं: ‘तुम्ही घरी गेलात आणि झोपलात. खेळ संपला.’

वाघमहाराजांनी पान खाली ठेवलं.

“उत्तम,” ते म्हणाले. “कुठं पाल्हाळ नाही. शेवट तर अगदी मनातला.”

आणि ते गुहेत जाऊन खरोखरच झोपले.

धनेशपंतांनी तक्त्यावर शंभर कोरायला लगेच भोकराकडे उड्डाण केलं. माकडं दामोदरचं अभिनंदन करायला आली, पण तोंड कुठल्या बाजूला आहे ते त्यांना कळेना, कारण दामोदरची पूर्ण गुंडाळी झाली होती.

भिकाजीरावांनी ती गुंडाळी हळूहळू लोटत त्याच्या बिळापर्यंत नेली. वाटेत चढ होता. चंपूताई पुढे चालत ‘दगड आहे, डावीकडून’ असं ओरडत होती. मागे दोनशे चौदा पानं गुहेपुढे पडून होती, ती चंपूताईनं मागाहून चार खेपा करून आणली.

आठवडाभर दामोदर तसाच राहिला. काही खाल्लं नाही. वाळवीला वाटलं, हा मेला. तिनं त्याच्याशेजारीच नवं वारूळ बांधायला घेतलं.

गुरुवार आला. भिकाजीरावांनी न विचारता त्याला लोटत भोकराखाली आणलं. तिघं बसले, म्हणजे दोघं बसले आणि एकजण टेकवला गेला.

“दोनशे बारा पानं,” गुंडाळीच्या आतून आवाज आला. “दार कुणी उघडलंच नाही.”

चंपूताई म्हणाली, “जिन्याचं काय झालं रे? नऊ वेळा खोडलास तिथपर्यंत आम्हाला माहीत आहे.”

गुंडाळी जराशी सैल झाली.

“झाला तो.”

“कसा?”

“कुरकुरतो,” आवाज म्हणाला. “पण नुसता नाही. पायरीवर जो पाय ठेवील त्याचं नाव घेऊन कुरकुरतो. म्हणून उंदीर त्यावरून चोरून जाऊ शकत नाहीत.”

चंपूताई आणि भिकाजीराव एकमेकांकडे बघत राहिले.

“माझं नाव कसं घेईल?” भिकाजीरावांनी हळूच विचारलं.

“भिऽ काऽ जीऽ,” गुंडाळी कुरकुरली.

भिकाजीराव इतके हसले की झाडावरची पिकली भोकरं खाली पडली. “आणि चंपूताई उडत उडत गेली तर?”

“मग जिना रुसतो.”

“वा,” चंपूताई म्हणाली. “वा, दामोदरा.”

तेव्हा गुंडाळीतून एक नाक बाहेर आलं. नाकामागून डोळे आले. “खरंच बरं झालंय?” दामोदरनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत सरसावून बसला. “मग तो पोपट ऐका.”

पोपट ऐकून झाला. मग चंपूताईनं तिचा निथळता पोहणारा परत सांगितला आणि त्याला दोनदा ‘वा’ मिळाली, एक मागच्या वेळची. भिकाजीरावांनी कारवीचा मध सांगितला आणि सांगता सांगता त्यांचेच डोळे भरून आले.

धनेशपंत फांदीच्या टोकाला बसून हे बघत होते.

“पंत,” चंपूताईनं विचारलं, “तुमच्या तेवीस खेळांत काय असतं हो?”

“तीन पानं,” पंत म्हणाले. “सुरुवात, निवड, अभिनंदन.”

“त्यातलं तुम्हाला लिहिताना काय आवडलं?”

धनेशपंतांनी दोन्ही चोचींनी विचार केला. बराच वेळ केला. “अकराव्या खेळात एक मोडकंतोडकं होडगं होतं,” ते अखेर पुटपुटले. “वेळेत बसेना म्हणून काढून टाकलं.”

“कसं होतं?” दामोदरनं विचारलं आणि सरकून जागा केली.

पंत खाली उतरणार, एवढ्यात झुडूप हललं आणि वाघमहाराज आले. सगळे जिथल्या तिथे गोठले. दामोदरनं सवयीनं डोकं आत घेतलं.

पण वाघमहाराजांची नजर जमिनीकडे होती. त्यांच्या तोंडात पळसाचं एक पान होतं. ते त्यांनी खाली ठेवलं, पंज्यानं नीट केलं आणि घसा खाकरला.

“मीही एक खेळ लिहितोय,” ते म्हणाले. “वाचू का?”

“वाचा की,” भिकाजीराव म्हणाले.

“‘एक वाघ होता. तो’.”

सगळे थांबले.

“तो काय, महाराज?” चंपूताईनं विचारलं.

“ते अजून ठरलं नाही. तीन दिवस झाले, ‘तो’पाशी आहे.” वाघमहाराजांनी कान पाडले. “पहिल्यांदा ‘एक सिंह होता’ लिहिलं होतं. मग वाटलं, आपल्याला सिंहांबद्दल काय माहीत? म्हणून बदललं.”

धनेशपंतांनी टक्के विचारायला चोच उघडली. चंपूताईनं तीत चटकन एक उंबर कोंबलं.

दामोदरनं डोकं बाहेर काढलं. जंगलाच्या राजाला असं पान धरून उभं राहिलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“वा,” तो म्हणाला. “वाघ बरा.”

वाघमहाराज लाजले आणि त्याच्याशेजारी गुंडाळी करून बसले. त्यांना ती नीट जमली नाही, शेपटी बाहेरच राहिली.

तात्पर्य: हाती घेतलेलं काम शक्यतो पूर्ण करू नये. पूर्ण झालेलं काम वाघ वाचतो आणि दुसऱ्या पानावर झोपतो. अपुऱ्या कामाला दर आठवड्याला ‘वा’ मिळते. हे तात्पर्य शाळेत सांगू नका. गुरुजींनी विचारलंच, तर म्हणावं, तात्पर्य लिहिणं चालू आहे, पण कालच त्यातला एक स्वल्पविराम फार छान जमला.