मैना नापास झाली तो शुक्रवार

साल होतं एकोणीसशे चौऱ्याहत्तर. भिवंडीच्या आमच्या प्राथमिक शाळेत कानतपासणीचं शिबिर आलं ते माझ्यामुळे, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते! तीन अर्ज पाठवले आणि चौथ्या वेळी स्वतः जाऊन आरोग्य खात्याच्या साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. वय सव्वीस होतं, अंगात रग होती.

सगळा खटाटोप मैनासाठी. माझ्या तिसरीतली ही मुलगी मोठ्याने बोललेलंही जेमतेम ऐकायची आणि बोलताना निम्मे शब्द गिळायची. दोन वर्षं तिसरीतच होती. तिची आई शेवंता कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. यंदाही पोर नापास झाली तर शाळा बंद आणि तीही कांड्या भरायला, असं घरात ठरलेलं. शिबिरातून आमच्या शाळेला एकच श्रवणयंत्र मिळणार होतं, तेही डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली तर. ते मैनाच्या कानाला लागलं की काम फत्ते, असा माझा बेत.

दिवस शुक्रवारचा मागून घेतला, कारण शुक्रवारी लूम बंद. एरवी भिंतीपलीकडच्या खडखडाटात डॉक्टरांना स्वतःचं बोलणंही ऐकू आलं नसतं.

घोळ झाला गुरुवारी. आमचे हेडमास्तर तुळशीराम गुरुजी यांना जीपमधून उतरणारा प्रत्येक माणूस शाळेच्या तपासणीला आलेला वाटायचा. त्यांनी मला बजावलं, शाळेची अब्रू जाता कामा नये. आणि मी एवढी शहाणी, पण जिभेला वळण पडलेलं! वर्गात जाऊन म्हटलं, "उद्या साहेब येणार. कोणी चुकायचं नाही. कुणाचं अडलं तर बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं."

मुलांनी सांभाळलं. असं सांभाळलं की विचारू नका.

डॉक्टर ठाण्याहून आले. वर्गाकडे तोंड करून एकेका मुलाला उभं करायचं, आपण त्याच्या मागे वीस पावलांवर जाऊन हळूच एक शब्द बोलायचा आणि मुलाने तो मोठ्याने सांगायचा, अशी त्यांची पद्धत. ते कुजबुजले, "भोपळा." मॉनिटर गोदू म्हणाली, "भोपळा." अशी एकेक करत एकेचाळीस मुलं पास झाली. मग मैना उभी राहिली. डॉक्टरांचे ओठ हलले. समोर बसलेल्या एकेचाळीस तोंडांनी आवाज न करता तोच शब्द उचलला आणि मैना म्हणाली, "पाटी."

आता लूमवाल्यांच्या घरची गोष्ट सांगते. कारखान्यात आवाज पोचत नाही, म्हणून ही माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. आया पोरांशी घरीही तशाच बोलतात. आमची पोरं बोलायच्या आधी ओठ वाचायला शिकलेली. आणि त्या सगळ्यांत तरबेज मैना!

मी डॉक्टरांना हे सांगितलं. ते हसले. वीस पावलांवरून मुलं ओठ वाचतात, हे त्यांना मी रचलेलं वाटलं. यंत्र पदरात पाडून घ्यायला शिक्षक काय काय सांगतात, ते त्यांनी ऐकलं होतं म्हणे.

मी हट्टाला पेटले. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. तो आणवला आणि मैनाच्या मागे उभी राहून हातोडा उगारला. हातोडा पडायच्या आधीच वर्गातल्या एकेचाळीस मुलांनी कानांवर हात ठेवले. मैनाने झटकन मागे वळून पाहिलं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "हिला तर घंटा वाजण्याआधीच ऐकू येते."

मी वर्ग बाहेर काढला. पोरं खिडक्यांना मधमाश्यांसारखी लटकली, तीही मैनाच्या समोरच्याच खिडक्यांना! मी ओरडले, तर गोदूने लाडात विचारलं, "बाई, तुम्हीच सांभाळून घ्या म्हणालात ना?"

तिकडे गुरुजींनी फळ्यावर रंगीत खडूने लिहूनही टाकलं, बेचाळीसपैकी बेचाळीस. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण कारण वेगळं.

डॉक्टरांनी पेटी आवरली. यंत्र आता पडघ्याच्या शाळेला जाणार होतं. ते फाटकाबाहेर जाऊन जीपमध्ये बसले. इंजिन घरघरत होतं. आम्ही सगळे अंगणाच्या या टोकाला, वर्गाच्या पायरीवर. डॉक्टर ड्रायव्हरकडे वळून काहीतरी बोलले. मला काही कळायचं कारणच नव्हतं.

पण मैना माझा हात सोडून धावत सुटली. जीपसमोर उभी राहून तिने डॉक्टरांवर बोट रोखलं.

"आमच्या बाई येड्या न्हायत."

ड्रायव्हरने घाबरून इंजिन बंद केलं. डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढ्या लांबून, इंजिनाच्या घरघरीत, ते बोलणं कुठल्याही धडधाकट कानाला ऐकू आलं नसतं. तरी वर्गाच्या पायरीवरून ते या पोरीने टिपलं होतं! डॉक्टर खाली उतरले. तिला मुलांना वाटायची दुधाची भुकटी ठेवलेल्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं, तिचं तोंड भिंतीकडे केलं. ते कुजबुजले, मैना गप्प. मोठ्याने बोलले, तरी गप्प. ओरडले तेव्हा कुठे तिने मान हलवली.

"नापास," डॉक्टर मला म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला बसले. कुणी नापास झाल्याचे पेढे मी आयुष्यात तेवढे एकदाच वाटले.

गुरुजींनी फळ्यावरचा आकडा पुसला, पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढे निवृत्त होऊन खारबावला गेले आणि शिबिर आपणच आणलं असं शेवटपर्यंत सांगत राहिले. डॉक्टर त्यानंतर कुठल्याही शाळेत गेले की तोंडासमोर वही धरूनच कुजबुजायचे. गोदू नर्स झाली, अजून सगळ्यांना सांभाळून घेते. आणि मैना? छातीवर पिशवीत डबी आणि कानापर्यंत वायर, अशी ती त्याच वर्षी पास झाली, मॅट्रिक झाली आणि पोस्टात लागली. आता तीही निवृत्त आहे.

मागच्या महिन्यात ती भेटायला आली होती. चहा घेता घेता म्हणाली, "बाई, आता सांगायला हरकत नाही. तुम्ही गायला लागलात की मी मशीन बंद करायची."

मला राग आला नाही. मलाही आता तसलंच यंत्र लागलंय आणि दर मंगळवारी आमच्याच घरी भजनी मंडळ बसतं. मी तिला जवळ बोलावून एवढंच विचारलं, बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते.