ताऱ्याचा झोत आणि आमचा ग्रुप

पोरीचं कौतुक कसं करावं, ते माझ्याकडून शिका!

आमची आरती पुण्यात खगोलशास्त्रज्ञ आहे. तिनं काय टिपलं? दूरच्या आकाशगंगेत एक तारा महाकाय कृष्णविवराजवळ गेला. त्यानं ताऱ्याच्या चिंध्या केल्या, काही गिळल्या, आणि उरल्यासुरल्याचा असा झोत भिरकावला, की जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं! चरकात ऊस घालताना रस डोळ्यात उडतो ना, तसा. रेडिओ दुर्बिणीत तो पोरीला सापडला!

"एवढं शिकून काय दिवे लावले?" असं विचारणाऱ्या आमच्या शेवगावकडच्या गावाला हे कळायलाच हवं होतं. गावाच्या ग्रुपवर टाकलं. वर आरतीचा फोटो, खाली माझा लांबलचक मजकूर.

इथंच घोटाळा. आमच्याकडं मजकूर कुणी वाचत नाही. वरच्यानं जे लिहिलं, तेच खालचा लिहितो. आणि सगळ्यात वर होते कारभारीअण्णा, दर दशक्रियेला भाषण करणारे. फोटो दिसला, की त्यांचा अंगठा आपोआप चालतो!

कारभारीअण्णा: भावपूर्ण श्रद्धांजली.
सूर्यभान: भावपूर्ण श्रद्धांजली.
छबूबाई: भावपूर्ण श्रद्धांजली. लई गुनाची हुती.
मी: अहो, पोरगी जिवंत आहे!
छगन: भावपूर्ण श्रद्धांजली.

थोड्याच वेळात अर्धं गाव अंगणात! लंकाबाईंच्या डोक्यावर पिठलं-भाकरीची पाटी. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही ना! दार उघडलं कुणी? सुट्टीवर आलेल्या आरतीनं.

"अगं बया!" लंकाबाई किंचाळल्या. पाटी मात्र सोडली नाही.

"मी नाही गेले, आजी. तारा गेला."

"मंग आमी कापसाची येचनी टाकून आलो, त्याचं काय?" सूर्यभान भडकला.

आरतीनं पाटीतली भाकरी उचलली. "ही भाकरी म्हणजे तारा. मी कृष्णविवर." टराटरा फाडली, घास तोंडात टाकला, एक तुकडा सुर्रकन सूर्यभानच्या टोपीवर. "हा झोत!"

सूर्यभाननं टोपी झटकली.

कारभारीअण्णा खाकरले. "भाषन तयार हाय. वाया कशाला घालवायचं?"

आणि काय बोलले! "अशी हुशार पोर या मातीत झाली न्हाई..." छबूबाई पुन्हा रडल्या.

"अण्णा, तिला डॉक्टरेट मिळाली तेव्हा का नाही बोललात हे?" मी विचारलं.

"गहिनीनाथ, जित्त्या मानसाचं कौतुक करायची आपल्यात पद्धत हाय का?"

शेवटी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे. ताऱ्यासाठी, असं मी ठरवून टाकलं. अंगणातल्या साऱ्या माना खाली. माझी? प्रयत्न केला हो. खालीच जाईना!