फिंतासच्या नव्या बंदुकीची आणि गायधनींच्या रजेची हकीकत

श्री काळारामचरणी मस्तक ठेवून आणि मीना अब्दुल्ला येथील तेलकारखान्याच्या धुराड्यांस दुरूनच नमस्कार करून लिहिले जाते ऐसे जे. चिरंजीव रसिकाबाई गायधनी, मुक्काम नाशिक, यांनी पुसिले की, आमचे तीर्थरूप तीन उन्हाळे येतो येतो म्हणोन आले नाहीत, ते शके १९१२ साली रजा घेऊन आले कैसे, आणि ती रजा कोणत्या पराक्रमे मिळविली, ते आम्हांस खरे खरे सांगणे. त्यावरून जे डोळ्यांदेखत घडले आणि जे मागाहून चार घरी चहा पिऊन समजले, ते सर्व एकत्र करून ही हकीकत लिहिली असे. यात पदरचे काही घातले नाही, आणि जेथे घातले तेथे बेताबेताने घातले आहे.

राजश्री हरिश्चंद्रपंत गायधनी हे पंचवटीचे राहणार, परंतु पोटामागे कुवेत मुलुखी येऊन तेलशुद्धीच्या कारखान्यात पंपांचे सरनौबत जाहले होते. त्यांचा लौकिक ऐसा की, पंतांनी दुरुस्त केलेला पंप पुन्हा बिघडत नसे. पंतांची रीत म्हणजे पंप जोडून झाला की आजूबाजूस कोणी नाही ऐसे पाहून खिशातील पुडी काढावी, पंपाच्या माथी हळदकुंकवाचे बोट लावावे, दोन अक्षता टाकाव्या आणि मग बटण दाबावे. नाशिकास त्यांचे वडील पिठाची गिरणी चालवीत, तेव्हापासोनची ही चाल होती आणि पंत ती सोडीत ना. मात्र या लौकिकानेच पंतांचा घात केला. उन्हाळा आला की वरिष्ठ मंडळी थंड मुलुखी कूच करीत, आणि पंपांपाशी कोणी भरवशाचा पाहिजे म्हणोन पंतांची रजा दर साली नामंजूर होई. बिघडणारे पंप ज्यांच्या हाती होते ते सारे सुखाने आपापल्या गावी जाऊन येत.

कन्या रसिका नाशिकास मामाच्या घरी शिकत होती. तिजकडून पौषमासी पत्र आले, त्यात मजकूर एवढाच की, बाबा, या वर्षीही येणार नसाल तर तसे आधीच कळवा, म्हणजे मी वाट पाहणार नाही, मला आता सवय झाली आहे. हे पत्र पंतांनी कुवेतातील सालमिया वस्तीतल्या आपल्या घरी तीन वेळा वाचिले आणि मग सौभाग्यवती नीलाबाईंच्या हाती दिले, आणि त्या दिवशी उभयतांस जेवण गेले नाही. दुसरे दिवशी पंत रजेचा अर्ज घेऊन वरिष्ठ मजीदसाहेब यांच्या दप्तरी हजर जाहले.

मजीदसाहेब हे कुवेतातील फिंतास गावचे राहणारे, मनाचे उदार, परंतु खरेदीस बसले की हात आखडता. त्यांचे मेहुणे हारूनसाहेब यांजपाशी विलायती बंदूक होती, आणि ते दर शुक्रवारी वाळवंटातील तंबूपुढे तिचे कौतुक सांगत. ते ऐकून ऐकून मजीदसाहेबांस इरेस पडल्यासारखे जाहले आणि त्यांनी बाजारातून एक स्वस्तातली नवी बंदूक आणिली. ही बंदूक छऱ्यांची, आणि जातीने सेमी ऑटोमॅटिक. म्हणजे एक बार काढिला की रिकामे काडतूस आपणच बाहेर टाकावे आणि दुसरे आपणच आत घ्यावे, माणसाने फक्त चाप ओढावा, ऐसा करार होता. परंतु पहिल्याच शुक्रवारी या बंदुकीने करार मोडिला. बार निघाला, काडतूस अर्धे बाहेर आले आणि तेथेच दात विचकीत उभे राहिले; मजीदसाहेबांनी ते बोटांनी उपटिले, पुन्हा बार काढिला, पुन्हा तेच जाहले. अवघ्या तंबूत हशा पिकला, आणि हारूनसाहेबांनी तर डोळे पुसण्यास रुमाल मागविला.

तेव्हा मजीदसाहेबांनी पंतांचा अर्ज हाती घेतला, वाचिला, सही न करता घडी घालून आपल्या खिशात ठेविला आणि हुकूम फर्मावला की, गुरुवारी सहकुटुंब फिंतासास येणे, बंदूक दुरुस्त करणे, शुक्रवारी हारून याचे समक्ष ती चालवून दाखविणे, आणि ती चालली तर सही होईल. पंतांनी उभ्या जन्मी बंदूक हाती धरिली नव्हती. परंतु त्यांस ते पत्र आठवले, आणि ते बोलिले की, साहेब, पंपच आहे तो, फक्त पाण्याऐवजी छरे फेकतो.

गुरुवारी दोन प्रहरी पंत हत्यारांची पेटी घेऊन फिंतासास डेरेदाखल जाहले. नीलाबाई मजीदसाहेबांच्या बेगम जमिला यांजकडे आत गेल्या, आणि पंतांनी दिवाणखान्यात सतरंजीवर वर्तमानपत्रे पसरून बंदूक खोलिली. पाहतात तो आत कारखान्याचे दाट ग्रीस चिकटलेले, इतके की बोल्ट म्हणजे मागेपुढे सरकणारा जो लोखंडी दट्ट्या, तो चिखलातल्या म्हशीप्रमाणे हलेना. मग पंतांनी घासलेटाचा हल्ला केला, नीलाबाईंच्या जुन्या सुती पातळाचे तुकडे कामी आले, आणि दोन घटकांत ग्रीसचे सैन्य पराभूत होऊन वर्तमानपत्रावर काळे पडले. उपरांत शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब देऊन पंतांनी बंदूक जोडिली. आणि निदान सांगितले की, नवीन स्प्रिंग ताठ आहे, हलक्या काडतुसांस ती जुमानीत नाही, सबब पहिली पन्नास काडतुसे जड वापरावी, मग ती अंगवळणी पडेल. हे निदान सर्वस्वी खरे होते, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

आता घात जाहला तो येथे. मजीदसाहेब बाजूस बसून सर्व पाहत होते, आणि पंतांचे पंप का बिघडत नाहीत याचा शोध ते तीन साल मनाशी घेत होते. त्यांनी काचेच्या खिडकीतून एकदा पंतांस पंपाच्या माथी बोट लावताना पाहिले होते, आणि त्यांची खात्री जाहली होती की हे काही गुप्त हिंदुस्थानी वंगण आहे. तेव्हा ते हलकेच म्हणाले, "हरीश, वो लाल पावडर. पंप को लगाता है, वो. इसको भी लगाओ."

पंतांनी सांगू पाहिले की, ते वंगण नव्हे. परंतु साहेबांच्या चेहऱ्यावरील भरवसा त्यांस मोडवेना, आणि मनातून त्यांस स्वतःसही हातचे राखावेसे वाटेना. दुसरे दिवशी रथसप्तमी होती, नीलाबाई सालमियात घरोघर हळदीकुंकवास जात होत्या, आणि त्यांच्या पर्समध्ये करंडा तयार होता. पंतांनी तो मागविला. नीलाबाई दारातून म्हणाल्या, "अहो, त्यांच्या घरी हे चालेल का? विचारलंत का?" पंत म्हणाले, "त्यांनीच मागवलंय." मग पंतांनी बंदुकीस हळदकुंकू वाहिले आणि हात सवयीने पुढे होऊन चार अक्षताही पडल्या. बंदुकीची काडतूस बाहेर टाकावयाची खिडकी त्या वेळी उघडी होती. तीन अक्षता सतरंजीवर सापडल्या. चौथीचा हिशेब कोणी ठेविला नाही.

शुक्रवारी प्रातःकाळी फौज वाळवंटी कूच जाहली. पुढे मजीदसाहेबांची मोटार, तीत बंदूक ब्लँकेटात गुंडाळून खुद्द पंतांच्या मांडीवर. मागे बेगमसाहेबांची मोटार, तीत नीलाबाई, चहाचे थर्मास आणि भाताचे पातेले. तंबूपुढे टोमॅटोचे रिकामे डबे मांडून शत्रूची फळी उभी केली. हारूनसाहेब खुर्ची टाकून चहा घेत बसले. मजीदसाहेबांचा खांदा मागील शुक्रवारचा ठणकत होता, म्हणोन त्यांनी हुकूम केला की पन्नास जड काडतुसे पंतांनीच उडवावी.

पंतांनी नीलाबाईंची शाल घडी करून खांद्यावर घेतली, डोळे मिटिले आणि चाप ओढिला. बार ऐसा जाहला की उंटांनी माना वर केल्या आणि पंत जेथे उभे होते तेथेच खाली बसले. परंतु काडतूस टण्णकन उडून पडले, आणि मजीदसाहेबांचा चेहरा फुलला. पंत उठले, वाळू झटकिली आणि दुसरा चाप ओढिला. काहीच जाहले नाही. पाहतात तो बोल्ट पुढे येताना वाटेत अडकून उभा, मागे जाईना, पुढे येईना. पंतांनी ओढिले, ढकलिले, मनातल्या मनात काळारामास हाक मारिली, बोल्ट ढिम्म.

हारूनसाहेब हसले नाहीत, आणि तेच अधिक वाईट जाहले. ते फार सौजन्याने म्हणाले, "मजीद, इसको वापस दो. दुकानवाला अच्छा आदमी है, ले लेगा." मजीदसाहेबांनी खिशातून पंतांचा अर्ज काढिला, त्याजकडे पाहिले आणि पुन्हा आत ठेविला. पंतांस त्या क्षणी नाशिकचे घर दिसले, आणि खिडकीशी बसलेली पोर दिसली, जिने वाट पाहणे सोडून दिले आहे.

इतक्यात नीलाबाई तंबूतून बाहेर आल्या. पंतांनी बंदूक वाळूकडे तोंड करून रिकामी केली, आणि नीलाबाईंनी खिडकीतून आत पाहिले, जसे सुपात पाहतात तसे, आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, तांदूळ आहे तो."

मग बाईंनी अंबाड्यातली पिन काढिली, आणि ज्या हाताने त्या डाळीतले खडे वेचीत त्याच हाताने तो दाणा टोकावर घेऊन बाहेर आणिला. तांदूळ कुंकवाने लाल, अर्धा चिरडलेला. तो तळहातावर ठेवून पंत मजीदसाहेबांपुढे उभे राहिले. खोटे बोलावे तर मार्ग पुष्कळ होते. दुकानदारावर घालता आले असते, वाळूवर घालता आले असते. परंतु पंत बोलिले की, साहेब, चूक माझी. लाल पावडर हे वंगण नव्हे, आमच्या घरची पूजा आहे, आणि हा दाणा त्या पूजेतला. बंदूक चांगली आहे, बिघडविली ती मी.

मजीदसाहेबांनी तो दाणा चिमटीत घेऊन उन्हात धरून पाहिला. त्यांनी पुसिले की, सगळ्या पंपांस हेच करतोस काय. पंत म्हणाले, होय. तेव्हा साहेबांनी विचार करून अखेरचा हुकूम दिला, "लाल ठीक है. चावल नहीं."

त्यानंतर पंतांनी एकोणपन्नास बार काढिले. सहाव्या बारानंतर ते बसेनासे जाहले, विसाव्यानंतर डोळे उघडे ठेवू लागले, आणि बंदूक प्रत्येक वेळी काडतूस टाकीत गेली व नवे घेत गेली. शेवटी हलकी काडतुसे भरून पाहिली, तीही तिने मुकाट्याने चालविली. डबा एकच पडला, तोही पंतांनी नेम धरिला होता त्याच्या शेजारचा. हारूनसाहेबांनी उठून बंदूक हाती घेतली, दोन बार काढून पाहिले आणि म्हणाले की, वजनास हलकी आहे, ही गोष्ट चांगली. मजीदसाहेबांनी मोटारीच्या बॉनेटवर अर्ज पसरिला, वारा होता म्हणोन वर बंदूक ठेविली, आणि जुलईची वीस तारीख ते ऑगस्ट अखेर ऐशी रजा मंजूर केली. पंतांचा खांदा पंधरा दिवस निळा होता, आणि तो ते मुद्दाम कोणास दाखवीत.

जुलईत उभयता नाशिकरोड स्टेशनावर उतरली. रसिका न्यावयास आली होती. तिने बापाच्या हातची बॅग घेतली आणि ती सोडीना. दोन ऑगस्टास सकाळी मामाच्या घरी रेडिओ लागला आणि कळले की इराकची फौज कुवेतात शिरली. हसत हसत लिहीत आणलेली ही हकीकत येथे हात थांबविते. पंत ट्रान्झिस्टरपुढे दिवसचे दिवस बसून राहिले आणि फिंतासाचे नाव ऐकू येते काय ते पाहत राहिले. ते नाव काही आले नाही.

शके १९१३, आश्विनमासी, कारखान्याने दुरुस्तीस बोलाविले आणि पंत व नीलाबाई परत आली. जळत्या तेलविहिरींच्या धुराने आभाळ अजून काळवंडलेले होते. सालमियाच्या घरी दारसुद्धा उरले नव्हते. उभयता तशीच फिंतासास गेली, आणि मजीदसाहेबांनी पंतांस पोटाशी धरिले. अंगाने ते निम्मे राहिले होते. मग त्यांनी ब्लँकेटात गुंडाळलेली बंदूक आणून पुढे ठेविली. पंत चकित होऊन पाहू लागले, कारण घरातले बाकी सर्व, गालिच्यापासोन पाण्याच्या नळापर्यंत, लुटले गेले होते. हारूनसाहेबांची विलायती बंदूकही गेली होती.

पंतांनी बोल्ट ओढिला, तो हलेना. बंदूक उलटी करून हलविली, तेव्हा उघड्या फरशीवर तांदूळ पडू लागले, लांब दाण्याचे, चांगले मूठभर. जमिलाबेगम दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वो लोग आया, बोला बंदूक दो. मैं पहले अंदर गई, चावल डाला. वो ऑफिसर खींचा, खींचा, फिर कचरे में फेंका. मैं उठा लाई." आणि नीलाबाईंकडे वळून म्हणाल्या, "अब पिन निकालो."

नीलाबाईंस हसू आणि रडू एकदमच आले, आणि त्यांनी अंबाड्यातली पिन काढिली. चौघे जण फरशीवर वाकून बसले. दाणे वेचता वेचता तिसरा प्रहर टळला, तेव्हा बोल्ट सुटला. मजीदसाहेबांनी विचारले की, लाल पावडर आहे काय. नीलाबाईंनी नाशिकहून आणिलेला नवा करंडा उघडिला आणि पंतांनी बंदुकीस बोट लाविले. त्यांचा हात सवयीने अक्षतांकडे गेला, तो मजीदसाहेबांनी मनगटाशी धरिला आणि तसाच आपल्या हातात ठेविला.

येणेप्रमाणे फिंतासची मोहीम दोन वेळा फत्ते जाहली. पहिली दाणा काढून, दुसरी दाणे घालून. दोन्हींत जिंकली ती बायकामंडळी, परंतु सही मजीदसाहेबांची आणि निळा खांदा पंतांचा, म्हणोन नाव त्यांचे राहिले. रसिकाबाई, तुम्ही पुसिले ते एवढेच. तुमचे तीर्थरूप त्या ऑगस्टात तुमच्यापाशी होते ते एका तांदळाविषयी खरे बोलिले म्हणोन. वेचलेले ते मूठभर तांदूळ जमिलाबेगमांनी धुऊन त्याच दिवशी शिजविले, आणि चौघांनी खाल्ले.