बहिष्काराच्या दिवशीचं नेट

एक्स-रेवाल्यांच्या मशीनवर हाड क्षणात दिसायचं. पण तोच फोटो मोठ्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंच्या संगणकावर पोचेपर्यंत पेशंट घरी जाऊन, जेवून, एक झोप काढून परत यायचा. गावात टेलिफोनची कंपनी एकच. तिचा मनोरा एकच, नेट एकच आणि तक्रारीच्या नंबरावर बोलणारी बाईही एकच. तिला आपला कॉल फार महत्त्वाचा वाटायचा, त्यामुळे ती तो कधी सोडायचीच नाही.

त्या दिवशी पाय सुजलेल्या एका आजोबांना त्यांची सून रिपोर्टची वाट पाहून अखेर शेजारच्या गावी घेऊन गेली, तेव्हा एक्स-रेवाल्यांचं पित्त खवळलं.

"असंच चाललं तर मशीनवर चादर टाकून मला घरी बसावं लागेल."

"घरी नका बसू, घरी मी असते," बायको म्हणाली. "त्या कंपनीचं काहीतरी करा."

एक्स-रेवाल्यांनी शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. "आपणच पैसे भरायचे आणि आपल्याच डोक्यावर मिरी वाटून घ्यायची. दुसरी कंपनी नाही, म्हणून ही माजली आहे. येत्या रविवारी कोणीही फोन चालू करायचा नाही. मनोरा ओस पडला की यांना घाम फुटेल." पार्लरवाल्या वहिनींनी आपली गल्ली सांभाळायचं कबूल केलं. एरवी कोऱ्या कागदाचेही पैसे घेणाऱ्या झेरॉक्सवाल्याने पत्रकं फुकट छापली. सगळ्यांनी शपथ घेतली.

रविवारी सकाळी एक्स-रेवाल्यांचा मेहुणा ओल्या जिन्यावरून घसरला आणि मनगट धरून बहिणीच्या दारात उभा राहिला. मनगटाचा एक फोटो समोरून निघाला, एक बाजूने. प्लास्टर घालायचं की नाही, ते डॉक्टरीणबाई सांगणार.

"पाठवा," बायको म्हणाली.

"आज बहिष्कार आहे."

"माझ्या भावाचं मनगट काय कंपनीचं आहे?"

एक्स-रेवाल्यांनी दार लावलं, खिडकी लावली आणि नेट चालू केलं. समोरचा फोटो बोट उचलायच्या आत गेला. ते बघतच राहिले. मग उलगडा झाला. मनोऱ्यावर आज दुसरं कोणी नव्हतं, सगळा रस्ता त्यांच्या एकट्याचा होता. खुशीत त्यांनी दुसरा फोटो सोडला. तो अर्ध्यावर जाऊन अडकला.

याचा अर्थ सरळ होता. रस्त्यावर आणखी कोणीतरी आलं होतं. शपथ घेऊन फुटलं होतं. एक्स-रेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. चप्पल पायात अडकवून ते निघाले.

झेरॉक्सवाला शटर अर्धं ओढून मॅच बघत होता.

"काका, नुसता स्कोअर बघत होतो."

"तिकडे कंपनी आपल्याला हसतेय आणि तुला स्कोअर सुचतोय? बंद कर आधी."

त्याला घेऊनच ते पार्लरमध्ये शिरले. वहिनी परदेशातल्या लेकीशी बोलत होत्या.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"भाऊजी, आज पहिल्यांदा तिचं नाक दिसलं हो. एरवी नुसते चौकोन दिसतात." त्यांनी ओशाळून फोन बंद केला. मग विचारलं, "पण तुम्हाला कोणी सांगितलं आमचे फोन चालू आहेत म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? नेट एकदम मंदावलं, त्यावरून..."

एक्स-रेवाल्यांनी जीभ चावली. झेरॉक्सवाल्याने छताच्या पंख्याकडे बघितलं.

"किती राहिलंय तुमचं?" वहिनींनी हळूच विचारलं.

"अर्धा फोटो. मेहुण्याचं मनगट."

"जाऊ द्या तो. तोवर आम्ही बंद ठेवतो. पण मग माझी लेक."

"आणि मग माझी मॅच," झेरॉक्सवाला म्हणाला.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. ज्याला त्याला जोरात पळणारं नेट हवं होतं आणि ते बाकीच्यांनी बंद ठेवल्याशिवाय मिळत नव्हतं. गल्लीवार पाळ्या लागल्या आणि बहिष्कार बेमुदत वाढवल्याचं जाहीर झालं. मेहुण्याचं हाड शाबूत निघालं, एवढ्या धावपळीनंतर याचं त्याला थोडं वाईटही वाटलं. एक्स-रेवाल्यांचे पेशंट परत येऊ लागले.

मग कंपनीचा निरोप आला. आपल्या गावातून येणाऱ्या तक्रारी पूर्ण थांबल्या आहेत, ग्राहक समाधानी आहेत, सबब गावाचा समावेश उत्कृष्ट सेवेच्या वर्गात करून दर वाढवण्यात येत आहेत.

"उत्कृष्ट?" एक्स-रेवाले पार्लरच्या दारातूनच कडाडले. "आम्ही पोटाला चिमटा काढून फोन बंद ठेवायचे आणि कौतुक यांच्या मनोऱ्याचं? आजच्या आज गावातल्या प्रत्येकाने तक्रार नोंदवायची. सगळ्यांनी एकदम."

"एकदम केली तर एकही जायची नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पाळीने करू."

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. लगेच तक्रारींच्या पाळ्या लागल्या.

"मग पहिली माझी."

"छे, तुमचे पेशंट खोळंबतील. तुम्ही आज फोटो पाठवा. तक्रार परवा दुपारी करा."

एक्स-रेवाले दातओठ खात घरी गेले आणि परवा दुपारपर्यंत राग टिकवून धरायच्या कामाला लागले.