ग्रंथपालांची गुलाबाची फिल्म

संगणकाचा पंखा घरघरला, पडद्यावरचा गुलाब वाऱ्यावर डोलता डोलता मध्येच थिजला आणि ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला. सगळा संसार अबोल पुस्तकांशी झालेला. यंत्राची मनधरणी करायची वेळ त्यांच्यावर निवृत्तीनंतर प्रथमच आली होती.

बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, ती महिन्याभरात परतणार होती. आता बाळ रांगायला लागलं तरी निघायचं नाव नव्हतं. ‘तू ये’ एवढं म्हणायला मात्र ग्रंथपालांची जीभ रेटत नव्हती. रोज फोनवर ते दूधवाल्याच्या तक्रारी सांगत आणि फोन ठेवला की घर त्यांना खायला उठे. म्हणून त्यांनी हा फिल्मचा घाट घातला. तिच्या हातच्या झाडांचा बहर दिसला की तिला आपोआप घराची ओढ लागेल. चित्रणात कंजुषी नको म्हणून त्यांनी फोनमधला सर्वांत मोठा दर्जा निवडला होता. तो घरच्या संगणकाला झेपेना.

वरच्या मजल्यावरच्या संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई येऊन बघून गेल्या.

“काका, फाइली फार जड आहेत. मी त्यांच्या हलक्या प्रती करून देते. कापाकापी त्यांच्यावर करा.”

“पण या तर पुसट दिसतायत.”

“दिसू द्या. शेवटी मूळ फाइली जोडल्या की फिल्म स्वच्छ निघते.”

कापाकापी झकास झाली. शेवटी मात्र संगणक म्हणाला, जागा शिल्लक नाही. जागेचा प्रश्न ग्रंथपालांनी जन्मभर सोडवला होता. कपाट भरलं की एका पुस्तकाची एकच प्रत ठेवायची, तीही सुटसुटीत. इथे तर प्रत्येक फाइल दोनदा होती. त्यांनी जाडजूड तेवढ्या काढून टाकल्या, कचरापेटीही रिकामी केली आणि उरलेल्या प्रतींची फिल्म करून लेकीकडे धाडून दिली.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

“अहो, झाडं पार करपवलीत की.”

“कुठे?”

“टीव्हीवर बघितलं आम्ही सगळ्यांनी. नुसता तपकिरी लगदा. गुलाब कुठला नि कुंडी कुठली, काही कळेना. पाणी तरी घालता का?”

“रोज घालतो गं.”

“घालता, दिसतंय ते. आणि वर हौसेनं फिल्म काढून पाठवताय. ते काही नाही, मी रविवारी निघते.”

ग्रंथपालांनी गॅलरीत पाहिलं. गुलाब फुलांनी नुसता लगडला होता. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि इतके महिने घशात अडकलेला शब्द त्यातून अलगद बाहेर पडला.

“ये.”

मग ती हळूच म्हणाली, “जेवलात का?”

फोन ठेवून ते डोळे पुसत होते, तोच दारात दुरुस्तीवाल्या बाई आल्या. दुपारी संगणक बघायला आल्या तेव्हाच त्यांना मूळ फाइली पुसल्याचा घोटाळा कळला होता आणि ‘जरा तपासते’ एवढंच सांगून त्या डिस्क वर घेऊन गेल्या होत्या.

“काका, नशीब थोर तुमचं. पुसलेल्या फाइली सगळ्या परत मिळाल्या. आत्ताच स्वच्छ फिल्म करून काकूंना पाठवू?”

“नको नको,” ग्रंथपाल घाईघाईने म्हणाले. “रविवारपर्यंत हात लावू नका.”

आणि ते झाडांना पाणी घालायला गेले.